खाचखळग्यांचे मास्टर

सुकदेव आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सहावीच्या वह्या तपासत होते. फोन त्यांच्या मुलीचा, योगिताचा होता. "बाई, आप्पा गेले," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "बरं." बरं! माणूस गेल्यावर कोणी बरं म्हणतं का? पण तोंडातून तेच आलं. मग उरलेल्या चार वह्या तपासल्या, लाल पेनाला टोपण लावलं, साडी बदलली आणि समोरच्या ओळीत त्यांच्या घरी गेले. रडू तेव्हा आलं नाही आणि नंतरही आलं नाही. गल्लीतल्या बायकांना वाटलं असेल, बाई फार धीराची आहे. डोंबलाची धीराची. आत काही हललंच नाही, एवढंच खरं.

लिहायला बसले ते म्हणूनच. आप्पांना एक गोष्ट शेवटपर्यंत कळली नाही. ती योगिताला माहीत आहे आणि मला माहीत आहे. तिसऱ्या कोणाला नाही. आता ते नाहीत, तर ती कागदावर आली तरी कोणाचं काही बिघडत नाही.

आप्पा शिंदखेड्याकडचे. मिसरूड फुटायच्या वयात सुरतेला आले, लूमवर लागले आणि जन्मभर लूमवरच राहिले. लूमच्या कारखान्याला इथे सगळे खातं म्हणतात. आप्पा खात्यात आधी कारीगर होते, मग मास्टर झाले. मास्टर म्हणजे बिघडलेली लूम चालू करणारा आणि नव्या माणसाला तयार करणारा. अंगाने काटकुळे, पांढरा शर्ट, त्याच्या खिशाला तेलाचा कायमचा डाग, खिशात एक पाना आणि एक कंगवा. चालताना दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. आवाज मात्र असा की ते आमच्या दारात उभे राहून "बाई, आहात का?" म्हणाले की चार घरांतल्या बाया बाहेर यायच्या. घरात ते अहिराणी बोलायचे. मी परभणीची, मला ती अर्धी कळायची नि अर्धी अंदाजाने. इथे त्यांचं बोलणं मी माझ्या मराठीत लिहिते आहे. त्यात त्यांचा निम्मा जीव निघून गेला, हे मलाही दिसतंय. पण काय करणार?

ओळख झाली ती एका शब्दावरून. मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. योगिता तेव्हा सहावीत होती. वाक्यात उपयोग करा म्हणून फळ्यावर शब्द दिले होते, त्यात एक 'खाचखळगे'. पोरांनी नेहमीची वाक्यं लिहिली. गावाला जाणाऱ्या रस्त्यात खूप खाचखळगे आहेत. जीवनाच्या वाटेवर अनेक खाचखळगे असतात. योगिताने लिहिलं, 'माझे आप्पा खात्यातले खाचखळगे दाखवतात.' मी त्यावर काट मारली आणि समासात लिहिलं, 'अर्थ समजून घे.'

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आप्पा वही घेऊन शाळेत हजर. मला वाटलं, आता भांडण. पण त्यांनी चप्पल बाहेर काढली, आत आले, वही टेबलावर उघडून ठेवली आणि शाळेतला सगळा आवाज खाली बसेल एवढ्या मोठ्याने विचारलं, "बाई, हिचं काय चुकलं?"

मी शिक्षिकेच्या थाटात सांगितलं की खाचखळगे म्हणजे वाटेतले खड्डे, उंचसखल जागा. आणि लक्षणेने घेतलं तर एखाद्या कामातल्या न दिसणाऱ्या अडचणी, छुपे धोके. खात्यात सपाट फरशी असते, तिथे कुठले खाचखळगे? ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मला जरा अवघडल्यासारखं झालं. परक्या बाईच्या ओठांकडे असं बघतात का? ते का बघत होते हे कळायला मला पुढे किती वर्षं लागली!

"न दिसणारे म्हणालात ना?" आप्पा म्हणाले. "मग रस्त्यातले कसे चालतील? ते तर दिसतात. दिसतो त्याला खड्डा म्हणायचं. खाचखळगा म्हणजे वरून सगळं नीट, आणि पाय टाकला की गेला."

मग त्यांनी मला फरकही समजावला. मला! बी. एड. झालेल्या बाईला. म्हणाले, खाच कोणीतरी पाडलेली असते. मुद्दाम पाडलेली असेल, चुकून पाडलेली असेल, पण तिच्यामागे माणूस असतो. खळगा कोणी पाडत नाही, तो रोजच्या वापराने पडतो. नवा माणूस खाचेत अडकतो. जुना माणूस खळग्यात जातो, कारण तिथून तो रोज चाललेला असतो. "दोन्ही मिळून एक शब्द केलाय तो उगाच नाही," असं म्हणून त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. मी काट खोडली आणि बरोबरची खूण केली. आजही वर्गात हा शब्द आला की मी आप्पांचाच अर्थ सांगते. शब्दकोशातला नंतर.

पुढे एकदा त्यांनी मला खातं दाखवायला नेलं. आधी सांगितलं, "पदर खोचा, हात मागे बांधा." मी म्हटलं, "आप्पा, मी काय कैदी आहे का?" पण त्यांचा नियम म्हणजे नियम. नवा माणूस कामावर आला की पहिला अख्खा दिवस त्याने कशाला हात लावायचा नाही. हात पाठीमागे बांधून आप्पांच्या मागे फिरायचं. इथे पट्टा उघडा आहे, लुंगीवाल्याने इथून जायचं नाही. इथे फरशीवर तेल झिरपतं, पुसलं तरी तासाभरात परत येतं. ही सहाव्या नंबरची लूम धोटा फेकते, म्हणजे सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा कधीकधी बाहेर उडतो. हिच्या या अंगाला उभं राहायचं नाही. तुटलेला धागा लूम चालू ठेवून जोडायचा नाही, आणि सगळे तेच करतात, कारण लूम थांबली की मीटर थांबतो, आणि पगार विणलेल्या मीटरवर मिळतो.

त्या खात्यात आवाज एवढा होता की माझेच शब्द मला ऐकू येईनात. तिथे कोणी बोलतच नाही. हातवारे करतात, नाहीतर समोर उभं राहून एकमेकांचे ओठ वाचतात. आणि नाही समजलं तर मान हलवतात. शेठ आला, काहीतरी सांगून गेला, मान हलवली. शेजारचा काही म्हणाला, मान हलवली. होकार द्यायला पैसे पडत नाहीत आणि नकार द्यायला लूम सोडून जवळ जावं लागतं. आप्पांचा यावर भारी राग. नव्या माणसाने नुसती मान हलवली तर ते त्याचा हात धरून त्याला मागे न्यायचे आणि म्हणायचे, "बोट ठेवून दाखव. कुठे? मान तर बैलही हलवतो."

आम्ही गल्लीतच, आप्पांच्या समोरच्या ओळीत, तळमजल्यावरचा फ्लॅट घ्यायचं ठरवलं तेव्हा आमचे हे म्हणाले, आप्पांना नको नेऊ, ते गोंधळ घालतील. मी नेलं. आप्पांनी बिल्डरच्या माणसाकडे बादलीभर पाणी मागितलं. त्याला वाटलं हात धुवायचेत. आप्पांनी ती बादली हॉलच्या मधोमध ओतली आणि हात मागे बांधून पाणी कुठे जातं ते बघत उभे राहिले. पाणी ऐटीत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलं आणि तिथे तळं करून बसलं. बिल्डरचा माणूस गुजरातीत काहीबाही बोलत होता, आप्पा त्याला मान हलवत होते. "बाई, हा खळगा बघा. आज बादलीने दिसला. घेतलात तर रोज फडक्याने दिसेल." आम्ही घेतला. हप्त्यात बसत होता, शाळा जवळ होती. अजून रोज सकाळी मी त्या दाराशी फडकं पिळते आणि आप्पांचं नाव घेते.

दूध, भाडेकरू, गॅसची नळी, भिशी चालवणारी बाई, सगळ्यात त्यांना खाचखळगे दिसायचे. लोक चेष्टा करायचे. "आप्पा, आज कुठला खळगा सापडला?" ते हसायचे आणि खरंच एखादा सांगायचे. पण गल्लीत कोणी नवं काही करायला निघालं की आधी त्यांच्याच दाराशी यायचं. कारण आप्पांची नजर चुकत नाही अशी सगळ्यांची खात्री होती. योगिताची तर होतीच.

योगिता बारावी झाली, टॅलीचा कोर्स केला आणि पर्वत पाटियाजवळच्या कापड मार्केटमध्ये एका दुकानात बिलं करायला लागली. नीटनेटकी, कमी बोलणारी पोरगी. आप्पांचा तिच्यावर भारी जीव. तिच्या स्थळाची गोष्ट निघाली तेव्हा मी म्हटलं, आता या माणसाचं काही खरं नाही, हा नवऱ्यामुलावरही बादली ओतणार.

तसंच झालं. मुलगा दोंडाईचाच्या बाजूच्या एका गावचा, घरची शेती, शिवाय ठिबकच्या सामानाचं दुकान. आप्पा त्या गावाला तीनदा गेले. एकदा सांगून, एकदा न सांगता, आणि तिसऱ्यांदा तर त्यांच्या घरी गेलेच नाहीत. गावातल्या न्हाव्याकडे दाढी करून, पिठाच्या गिरणीवर तासभर बसून परत आले. आल्यावर मला सगळं सांगितलं. मुलगा आत आला की घरातल्या बायका बोलायच्या थांबतात का? नाही. त्याला बघून दारातलं कुत्रं उठून बाजूला होतं का? नाही, पायाशी येतं. दुकानावर उधारीवरून आवाज चढवतो का? नाही. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी दोन्ही तळवे समोर सपाट धरले. "बाई, फरशी आहे फरशी. मी बोट फिरवून पाहिलं." एवढं खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

साखरपुडा झाला. मुलगा आणि योगिता फोनवर बोलायला लागले. आणि महिन्याभराने एका संध्याकाळी योगिता माझ्याकडे आली, मेथीची जुडी घेऊन. निवडता निवडता म्हणाली, "बाई, तो काल व्हिडिओ कॉलवर होता. मी म्हटलं, लग्नानंतरही काम केलं तर चालेल का. तो उठला, खुंटीवरून पट्टा काढला आणि फोनसमोर धरला. म्हणाला, हे बघ, तुझ्यासाठी ठेवलंय. आणि हसला."

"गंमत करत असेल," मी म्हटलं. जळो माझी जीभ!

"असेल. पण बाई, मागे त्याची वहिनी उभी होती. ती नाही हसली."

मग मी शहाण्यासारखं बोलले. म्हटलं, आधी आप्पांना सांग. ती म्हणाली, मायला सांगितलं तर ती आधी रडत बसेल, आप्पांनाच सांगते. दोन दिवसांनी ती परत आली तेव्हा चेहरा उजळलेला होता. "सांगितलं बाई. ते कामावरून येऊन मोरीवर हातपाय धुत होते, तेव्हाच. पट्ट्याचं सांगितलं, वहिनीचं सांगितलं, मला हे लग्न नको तेही सांगितलं. आप्पांनी मान हलवली. डोक्यावर हात ठेवला." मी म्हटलं, "चला, सुटलीस." आणि पोळ्या लाटायला गेले.

पण लग्न काही मोडलं नाही. पत्रिका छापून आल्या, पहिली माझ्या हातात आप्पांनीच दिली. मला वाटलं, मुलाकडच्यांशी बोलून यांनी काहीतरी मिटवलं असेल. एवढा बारकाईने बघणारा माणूस! हळदीच्या आदल्या दिवशी मी योगिताला बाजूला घेऊन विचारलं, "तू सांगितलं होतंस ना नीट?"

"सांगितलं होतं."

"मग परत एकदा विचार की."

"आप्पांनी एकदा हो म्हटल्यावर परत काय विचारायचं? त्यांनी काहीतरी बघितलं असेल बाई. त्यांना कळतं." असं म्हणून ती मेंदीवालीसमोर जाऊन बसली. मी पंचपाळ्याची भेट दिली, जेवले, फोटो काढले. ती गेली.

लग्नानंतर महिना-सव्वा महिन्याने आमच्या सासूबाई वारल्या. परभणीला निघायचं म्हणून मी दाराला कुलूप लावत होते, पायाशी बॅगा. मागून आप्पांच्या चपलांचा आवाज आला. मी कुलपाकडेच बघत म्हटलं, "आप्पा, सासूबाई गेल्या आमच्या. परभणीला चाललोय."

"वा वा!" आप्पा म्हणाले. "या जाऊन. आनंदाने या."

मी वळले. ते हसत होते आणि मान हलवत होते. बॅगा दिसल्या होत्या त्यांना. शब्द एकही ऐकू आला नव्हता.

आप्पांना कमी ऐकू येतं हे काय आम्हाला माहीत नव्हतं? माहीत होतं. टीव्ही केवढ्याने लावतात ते गल्लीला माहीत होतं. पण समोर बसून बोललं की ते प्रत्येक गोष्टीला बरोब्बर उत्तर द्यायचे, म्हणून घरचेसुद्धा म्हणायचे, आप्पांना जरासं कमी येतं. जरासं! तो माणूस पुरता बहिरा होता. लूमने कान खाल्ले होते आणि तो सगळ्यांचे ओठ वाचून संसार करत होता. मास्टरला ऐकू येत नाही हे शेठला कळलं तर काम जाईल, म्हणून त्यांनी ते कोणाला कळू दिलं नव्हतं. बहुतेक स्वतःलाही नाही.

गाडीत मी खिडकीशी बसले आणि मला ती संध्याकाळ दिसली, मी तिथे नसतानाही. ते दिवसपाळीहून आलेले, मोरीवर हातपाय धुताहेत, नळ चालू. ही हातात टॉवेल घेऊन उभी. आणि मान खाली. बापाशी लग्नाचं बोलताना कुठली मुलगी वर बघेल? तिने खाली मान घालून सगळं सांगितलं. त्यांना तिचा भांग दिसला असेल फक्त. खात्यातल्या माणसाने जे केलं असतं तेच त्यांनी केलं. मान हलवली आणि पोरगी लग्नाचं काहीतरी लाजत बोलतेय म्हणून डोक्यावर हात ठेवला.

डब्यातल्या लोकांना वाटलं, बाई सासूसाठी गप्प आहे. मी सासूसाठी गप्प नव्हते. दुःखही नव्हतं. अंगातलं काहीतरी कोणी काढून घ्यावं तसं झालं होतं. परत आल्यावर मी योगिताला फोन केला. फोन स्पीकरवर होता, कोणीतरी खोकलं. "बरी आहेस ना?" "बरी आहे." "जेवलीस?" "जेवले." ठेवला. आप्पांना मी काही बोलले नाही. वर्गात रोज ओरडते, समजलं नाही तर पुन्हा विचारा. आणि स्वतः विचारलं नाही, सांगितलं नाही. वाटलं, कदाचित पट्टा खरंच गमतीचा असेल. लग्न झालेल्या पोरीच्या बापाला आता हे सांगून काय होणार? असं मी दीड वर्षं म्हटलं.

दीड वर्षाने त्यांच्या एका भाच्याने तिला तिकडच्या बाजारात बघितलं आणि आप्पांना गावाहून फोन केला. फोन सुमनवहिनींनी, आप्पांच्या बायकोने घेतला. आप्पा त्याच दिवशी गेले आणि तिला घेऊन आले. एक पिशवी होती तिच्याजवळ. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता, अजून जात नाही. वेणी घालता येत नाही म्हणून तिने केस कापून टाकले. काय झालं, किती वेळा झालं, हे तिने आम्हा कोणाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

दोन-तीन दिवसांनी आप्पा आमच्या पायरीवर येऊन बसले. हाक नाही, काही नाही. मी समोर जाऊन बसले तेव्हा त्यांनी वर बघितलं. "बाई, तीनदा गेलो मी," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा आवाज हळू ऐकला. "तीनदा. न्हाव्याला विचारलं, गिरणीवाल्याला विचारलं. कुठे होता तो? माझ्या नजरेतून कसा सुटला? तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही सांगा."

मी तोंड उघडलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते. मी म्हटलं, "चहा घेता का?"

त्यानंतर तो शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. खात्यातही त्यांनी नव्या माणसांना फिरवायचं सोडून दिलं. कोणी विचारायला आलं तर म्हणायचे, "मला काय कळतं?" गल्लीत कोणीतरी मंगळसूत्राच्या भिशीत पैसे घालवले, कोणीतरी ओल धरलेल्या भिंतींचं घर घेतलं. आप्पा पायरीवर बसून राहिले.

आणि घरात बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते. म्हणजे भांडण नाही. ती ताट ठेवायची, पाणी ठेवायची आणि उठून जायची. आप्पांना वाटायचं, माझी नजर चुकली म्हणून पोरगी रागावली आहे. तिला वाटायचं, यांना सगळं सांगूनही यांनी मला ढकललं. दोघं एका खोलीत, मध्ये दोन हात अंतर, आणि दोघांनाही वेगळंच माहीत. दोन्ही बाजू ठाऊक असलेली मी एकटी, आणि मी समोरच्या घरात बसून वह्या तपासते आहे. अशी बाई असते का?

शेवटी बोलले. एका रविवारी गच्चीवर कपडे वाळत घालताना योगिता चिमटे द्यायला उभी होती. मी म्हटलं, "योगिता, आप्पांना ऐकू आलं नव्हतं."

"काय?"

"त्या दिवशी. मोरीवर. तुझी मान खाली होती ना?"

"पण त्यांनी मान हलवली होती."

"ते सगळ्यांनाच हलवतात गं. माझी सासू गेली तेव्हा मला म्हणाले, आनंदाने या."

"डोक्यावर हात ठेवला होता," ती म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "त्यांना वाटलं असेल, मी लाजते आहे." तिने हातातले चिमटे एकेक करून दोरीला लावले. दोरीवर कपडा नव्हता, तरी लावले. मी विचारलं, "सांगणार आहेस त्यांना?" ती खाली गेली.

पुढच्याच आठवड्यात ती आप्पांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. आप्पा आधी नाहीच म्हणाले, मी काय बहिरा आहे का, लोक काय म्हणतील. पण लेक इतक्या दिवसांनी आपणहून काही म्हणत होती, म्हणून गेले. तपासण्या झाल्या, यंत्र बसवून झालं. तिने दुकानात परत काम धरलं होतं, त्यातून केलं सगळं.

मी त्यांना शेवटचं धडधाकट बघितलं ते त्याच सुमाराला. सुट्टीचा दिवस, सकाळचे दहा वाजले असतील. मी यंत्र बघायला म्हणून गेले. आप्पा कॉटवर ताठ बसले होते, दोन्ही कानांत ती बोटाएवढी यंत्रं, आणि चेहरा असा की आत्ताच कोणी चापट मारली आहे. वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी दचकत होते. सुमनवहिनींनी ताटली ठेवली तर म्हणाले, "हळू ठेव, हळू. भांडी एवढी ओरडतात?" खिडकीवर पारवा घुमत होता, त्याच्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "बाई, तुमचा आवाज बारीक आहे की. मला वाटायचं, बाई आहेत म्हणजे आवाज जाड असेल." आम्ही सगळे हसलो. योगितासुद्धा जरा हसली.

मग आप्पांनी तिला समोर बोलावलं. ती आली. त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. मुद्दाम मान फिरवली, डोळे मिटले, कान तिच्या बाजूला केला.

"बोल योगी," ते म्हणाले. "तुला मला काय सांगायचंय ते सांग. आता मी ऐकतो."

ती उभी होती. मी तिच्याकडे बघत होते. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. तिचा उजवा हात डाव्या खांद्यावर गेला आणि तिथेच राहिला. वहिनी भाजी चिरायच्या थांबल्या. आप्पा डोळे मिटून बसलेले, शाळेतलं पोर परीक्षेला बसावं तसे.

"चहा ठेवू का, आप्पा?" योगिता म्हणाली.

आप्पांनी डोळे उघडले. तोंडभर हसले. "चहा ठेवू का, असं म्हणाली ना? ठेव, ठेव. बाईंनाही दे." आणि माझ्याकडे वळून, नव्याने सापडलेल्या हळू आवाजात, मोठ्या ऐटीने म्हणाले, "बघा बाई. एक शब्द सुटला नाही."

मी म्हटलं, "हो, आप्पा."